शक्तिमान, दृश्यम आणि दादाच्या सासूबाई

ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, वय २७. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. घरी आई, दादा, वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, माझा डिप्लोमा त्यानंच पूर्ण करून घेतला.

दोन महिन्यांमागं एका रविवारी दादानं पोराला यूट्यूबवर 'शक्तिमान' लावून दिलं. मी जेवत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "हे काय दाखवालायस त्याला? कात्रीनं कापून चिकटवल्यागत उडतोय तो. आणि मधेमधे प्रवचन. सुपरहिरो दाखवायचा तर डेअरडेव्हिल दाखव की." दादानं काही न बोलता टीव्ही बंद केला. (डेअरडेव्हिल हा अमेरिकन मालिकेतला सुपरहिरो मला का आवडतो, तर तो दमतो. सेकंड शिफ्ट संपवून घरी आल्यावर ते बघितलं की बरं वाटतं. असो.)

त्यानंतर वहिनींच्या आई गडहिंग्लजहून राहायला आल्या. त्यांनी 'दृश्यम' पाहिला नव्हता. दादाचा तो सगळ्यात आवडता सिनेमा, त्यानं हौसेनं लावला. मी शेजारी बसून त्यातल्या चुका सांगत होतो. पाच तरी ठळक आहेत, खाली लिहिल्यात. शेवटाला पंधरा मिनिटं राहिली असतील, बोलता बोलता माझ्या तोंडून शेवट निघून गेला. वहिनींच्या आई उठून चहा टाकायला गेल्या. दादा म्हणाला, "तुला काय आवडतंय तरी काय रे?" तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

मी खोटं तर बोललो नाही. मत मांडणं चूक आहे काय? घरात शांतता राहावी म्हणून सगळ्यालाच 'भारी' म्हणायचं काय? पोरगं मात्र अजून गल्लीत शक्तिमानागत गरागरा फिरतंय, परवा उभ्या मोटारसायकलवर जाऊन आपटलं.

एक वाचक, राजारामपुरी

*

तुला 'तू'च म्हणते. माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, आणि तोही जेवताना टीव्हीवर निकाल देत बसतो.

तुझं पत्र मोठं होतं, थोडक्यात छापलंय. त्यातलं एक वाक्य मात्र मुद्दाम काढून टाकलं. 'दृश्यम'चा शेवट तू मलाही अख्खा लिहून पाठवला होतास. म्हणजे तोच गुन्हा दुसऱ्यांदा, आणि या खेपेला लेखी. म्हणून आधी सासूबाईंचं बघू. शक्तिमानाला दम आहे, तो थांबेल.

तू विचारलंस, मत मांडणं चूक आहे काय. सासूबाईंच्या बाबतीत मताचा प्रश्नच येत नाही. सिनेमा टुकार आहे असं तू त्यांना तीनदा सांगितलं असतंस तरी त्या बघत राहिल्या असत्या. निशिकांत कामतनं २०१५ साली हिंदीत केलेला हा सिनेमा मुळात जीतू जोसेफच्या २०१३च्या मल्याळम 'दृश्यम'वरून घेतलेला. तिकडं मोहनलाल, इकडं अजय देवगण. त्याची करामत अशी की काय घडलं, कुणाच्या हातून घडलं, का घडलं, हे सगळं आपल्याला बऱ्याच आधी उघड दाखवून टाकतात. लपवलेली गोष्ट एकच. बाकीच्या रहस्यपटांत सात-आठ गुपितं असतात, एखादं फुटलं तर बाकीच्यांवर निभावतं. इथं एकच होतं. पावणेतीन तासांच्या सिनेमातले अडीच तास त्या माउलीनं त्या एका गोष्टीसाठी पाय अवघडून काढले, आणि घास तोंडाशी आल्यावर तू ताट ओढलंस.

त्या चहा टाकायला उठल्या, याचा अर्थ त्यांना चहा हवा होता असा नाही. जावयाच्या घरात, जावयाच्या धाकट्या भावावर रागवायचं कसं, हे त्या वयाच्या बाईला कुणी शिकवलेलं नसतं. ती चहा टाकते. दादाला ते कळलं, तुला कळलं नाही. त्याच्या वाक्यातला अर्धा राग तिथला आहे असं मला वाटतं, शक्तिमानाचा तेवढा नाही.

तेव्हा आज संध्याकाळी गडहिंग्लजला फोन कर. "मावशी, माझं चुकलं, तुमचा सिनेमा मी नासवला" एवढंच म्हण. 'तसा तो सिनेमा काही एवढा' असं पुढं काही जोडू नकोस. त्या पुन्हा येतील तेव्हा २०२२ साली आलेला दुसरा भाग लाव. पहिल्याचा शेवट माहीत असल्याशिवाय दुसऱ्याची मजा नाही, म्हणजे तुझ्या आगाऊपणाचा त्यांना तेवढा तरी उपयोग होईल. आणि सिनेमा संपेपर्यंत तोंडात सुपारी धर.

आता तुझ्या पाच चुका. त्या मी पुन्हा सिनेमा लावून एकेक तपासल्या, आमच्यात क्वालिटीचं खातं नसलं तरी. एक शंभर टक्के मान्य. पोलीस खात्यात आयजी असलेल्या आईनं स्वतःच्याच बेपत्ता मुलाचा तपास स्वतः करायचा, चौकशीला समोर बसायचं, आणि कुणी हरकत घ्यायची नाही, हे काही पटत नाही. सिनेमाला तब्बू पडद्यावर हवी होती म्हणून ते चालवून घेतलंय. मीही चालवून घेतलं, कारण मलाही तब्बू पडद्यावर हवी होती.

पण "माणसांना तारीख इतकी कशी चुकेल" ही तुझी चूक नंबर दोन, ती मी रिजेक्ट करते. गेल्या महिन्याच्या दोन तारखेला रात्री तू काय जेवलास? मोबाइल न बघता सांग. तुमच्या फाउंड्रीत निदान प्रत्येक हीटची, म्हणजे एका खेपेला वितळवलेल्या धातूची, नोंद असते, एसटीच्या कंडक्टरच्या डोक्यात कुठलं रजिस्टर? सिनेमाचा नायक विजय साळगावकर तेच ओळखतो. चौथी नापास, केबलचा धंदा, रात्ररात्र सिनेमे बघणारा माणूस. घरच्यांना घेऊन तो पणजीला जातो आणि बसच्या कंडक्टरपासून थिएटरातल्या ऑपरेटरपर्यंत ज्याला त्याला भेटून, बोलता बोलता दोन ऑक्टोबर ही तारीख त्यांच्या डोक्यात पेरून येतो. ती माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं आठवतं. अरे, तू ज्याला भोक म्हणतोस तोच तर सिनेमाचा डाव आहे.

उरलेल्या तीन बारीक आहेत, त्यावर जागा घालवत नाही.

माझी स्वतःची तक्रार निराळीच आहे, आणि ती तुझ्या यादीत नाही याचं मला नवल वाटलं. एका आईचा मुलगा घरी परत आलेला नाही. पोरगा वाईट निघाला, कबूल, पण तिला ते कुठं माहीत आहे? आणि आपण घरात बसून, तो तिला सापडू नये म्हणून श्वास रोखून बघत असतो. सिनेमानं आपल्याला त्या बाजूला कधी नेऊन बसवलं ते कळतसुद्धा नाही. त्यात तो पोलीस गायतोंडे, कमलेश सावंतनं असा केलाय की त्याचा हात उठला की आपल्या पोटच्या पोरांची आठवण जागी होते. मग आई राहते बाजूला आणि सगळे पोलीस एका माळेचे होतात. शेवटी दोन्हीकडचे आईबाप समोरासमोर येतात तिथं हे थोडं भरून काढलंय. थोडंच. पहिल्यांदा मी हा सिनेमा बघितला तेव्हा विजयच्या बाजूनं होते. आता माझा मोठा मुलगा परगावी असतो, रात्री अकरानंतर फोन लागला नाही की मला झोप येत नाही. यावेळी मी सगळा वेळ तब्बूकडंच बघत होते.

असलं काही तू त्या दिवशी बोलला असतास तर दादानं सिनेमा थांबवून तुझ्याशी तासभर गप्पा मारल्या असत्या. निदान सासूबाईंनी तरी नक्कीच.

आता रविवारचं.

तुझ्या पत्रासाठी मी शक्तिमानाचे सहा भाग बघितले. सातव्याला डोळा लागला, हे आधीच सांगून टाकते. प्रवचन आहे, खरं आहे. गोष्ट ताणलीय. खलनायकाचा अड्डा गणपतीच्या मंडपातून उरलेल्या सामानात उभा केल्यागत दिसतो. आणि उडण्याबद्दल तू म्हणालास ते तर लहान पोरालाही दिसेल.

पण तू ज्या गोष्टीसाठी नापास केलंस, ती मला त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची वाटली. इफेक्ट म्हणजे मंडईतली कोथिंबीर, संध्याकाळपर्यंत मान टाकते. आपल्याच गावाचं उदाहरण घे. बाबूराव पेंटरांनी इथं, कोल्हापुरात, स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले. १९२० सालच्या त्यांच्या 'सैरंध्री'त भीम कीचकाला मारतो तो प्रसंग लोकांना एवढा खरा वाटला, की सेन्सॉरनं तो कापायला लावला. माणसं घाबरली होती, बाबा! तोच प्रसंग आज तुला टीव्हीवर लावून दिला तर तू वरणभात कालवता कालवता त्याला रिजेक्टचा शिक्का मारशील. मग मान टाकलेली कोथिंबीर बाजूला केली की खाली काय उरतं, ते बघायचं.

शक्तिमानात गंगाधर उरतो. पुढं आलेले दात, जाड चष्मा, वर्तमानपत्रातली फोटोग्राफरची नोकरी, सगळ्यांची बोलणी खाणारा. लाल कपड्यांत मुकेश खन्ना मला ताठ वाटतात, भाषण करायला उभे राहिल्यागत. तोच माणूस गंगाधर झाला की असा काही सैल सुटतो की हसू आवरत नाही. आणि एक गंमत सांगते. खन्ना म्हणजे चोप्रांच्या महाभारतातले भीष्म, आणि खलनायक तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे त्याच महाभारतातले द्रोणाचार्य. त्यामुळं मला पहिल्यापासून, कुरुक्षेत्रावरचा हिशेब मिटला नाही म्हणून दोघं वेश बदलून पुन्हा आलेत, असंच वाटत आलंय. 'अंधेरा कायम रहे' म्हणताना द्रोणाचार्यांचा आवाज काय लागतो, कधी डोळे मिटून ऐक.

शिवाय त्याला शक्ती मिळते ती साधना करून, कुंडलिनी जागवून. कुठला किडा चावून नाही. तालमीच्या गावात हे पटकन रुचतं. जोर-बैठका मारल्याशिवाय इथं कुणाला काही मिळत नाही, असं आपण निदान पोरांना सांगतो.

१३ सप्टेंबर १९९७ ला ही मालिका दूरदर्शनवर लागली आणि २००५ पर्यंत चालली. तुझ्या हिशेबानं, लागली तेव्हा तू जन्मलाच नव्हतास, संपली तेव्हा पहिलीत वगैरे असशील. दादा मात्र नेमका दहाचा. आम्ही तेव्हा शिवाजी पेठेत राहायचो. रविवारी मटणाच्या दुकानात पोरांना पिशवी घेऊन पिटाळायची आमच्या गल्लीत पद्धत. शक्तिमान दुपारी बाराला लागायला लागल्यापासून पोरगं बाराच्या आत परत येईल असं बघून पाठवावं लागायचं, नाहीतर बापाला स्वतः रांगेत उभं राहावं लागे. माझ्या नवऱ्यानं कित्येक रविवार त्या रांगेत शक्तिमानाला शिव्या घातल्यात. आता कुठं लागलं तर तोच पहिला खुर्ची ओढून बसतो.

तुझा डेअरडेव्हिल मी पहिल्यांदाच बघितला, तुझ्यामुळं. २०१५ सालचा पहिला सीझन. हे मात्र मान्य करते की काम चोख आहे. आंधळा वकील, लहानपणी अपघातात डोळे गेलेला, दिवसा कोर्टात कायदा सांगणार आणि रात्री तोंड झाकून तोच कायदा मोडणार. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या बोळकांडात जी मारामारी आहे, ती मी मागं घेऊन तीनदा बघितली. कॅमेरा हलत राहतो, तुटल्यासारखा कुठं वाटत नाही, आणि तो माणूस दमतो. भिंतीला टेकतो, धापा टाकतो, परत उठतो. पाडलेली माणसंसुद्धा परत उठून येतात, ती पण दमलेली. माझे आजोबा मला लहानपणी खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे, बायकापोरी फारशा नसायच्या तरी. ते म्हणायचे, पहिल्या पाच मिनिटांत डाव बघून घे, पैलवान बघायचा तर दम लागल्यावर बघ. त्या बोळकांडात मला आजोबा आठवले. अमेरिकेतल्या मालिकेनं ते आठवून दिले, आणि ती मालिका तू सुचवली होतीस, म्हणून तुझे आभार.

पण अरे खुळ्या, नऊ वर्षांच्या पोराला? चौथ्या भागात तो खलनायक फिस्क मोटारीच्या दारात माणसाचं डोकं घालून जे करतो, ते बघून मी या वयात रिमोट शोधायला लागले. तू बघितलेलं आहेस, तरी पुतण्याला दाखव म्हणालास. म्हणजे त्या क्षणी तुझ्या डोळ्यांपुढं पोरगं नव्हतंच. दादा खाली आणि आपण वर, एवढंच होतं. माल कुठल्या गिऱ्हाइकासाठी चाललाय हे न बघता तपासणी करतात काय तुमच्याकडं?

हे वाचून तुला राग आला असेल तर येऊ दे. आता माझी फजिती सांगते, म्हणजे फिटंफाट.

माझे वडील इथल्या एका स्टुडिओत एक्स्ट्राचं काम करायचे. पोटाला दुसरी नोकरी होती, हे हौसेनं. कॉलेजात असताना मी मैत्रिणींना घेऊन एक ऐतिहासिक सिनेमा बघायला गेले. लढाईच्या प्रसंगात एका मावळ्याची दाढी एका बाजूनं सुटून लोंबत होती. आम्ही पोरी इतक्या खिदळलो की मागच्या रांगेतून कुणीतरी दम भरला. रात्री जेवताना मी त्या मावळ्याची नक्कल करून दाखवली, भाकरीचा तुकडा हनुवटीला धरून. आई हसली. वडील शांतपणे म्हणाले, "डावीकडून सुटली होती ना? मे महिना होता. घामानं गोंद धरायचा नाही. दिवसातनं चारदा चिकटवत होतो."

मी पडद्यावर बापाला ओळखलं नव्हतं. दाढीकडंच बघत बसले होते.

वडील रागावले नाहीत, हे मला जास्त लागलं. आणि पुढं कधी त्या सिनेमाचा विषय निघाला की दाढीचा किस्सा तेच रंगवून सांगायचे, माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगला. कुठल्या मावळ्याच्या पायात चपला राहिल्या होत्या, कुठला घोडा तोफेचा आवाज झाला की उलटा पळायचा, सगळं त्यांना पाठ. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव असतो, तिच्यातली उणीदुणी त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसतात. तुझ्या दादानं तो कापून चिकटवलेला शक्तिमान दहाव्या वर्षापासून बघितलाय. त्याला ते दिसलं नाही, पहिल्यांदा तुलाच दिसलं, असं तुला खरंच वाटतं काय? त्याला विचारून बघ. मला खात्री आहे, तू पाच चुका काढल्यास तर तो पंधरा काढेल, आणि हसून हसून काढेल. फक्त पोरासमोर तू आधी काढायला नको होत्यास. तो त्या दिवशी मालिका दाखवत नव्हता रे, स्वतःचा दहावा वाढदिवस पोराच्या हातात देत होता.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य कुठलं सांगू? दोन पानं तू दोषांनी भरलीस आणि मधे कंसात, चोरून, लिहिलंस की डेअरडेव्हिल दमतो म्हणून आवडतो, सेकंड शिफ्टनंतर बघितला की बरं वाटतं. आणि पुढं 'असो' लिहून लगेच झाकण ठेवलंस. ते झाकण काढ. दादा म्हणाला ना, तुला काय आवडतंय तरी काय? तू तो टोमणा समजलास. मला तो साधा प्रश्न वाटतो. ज्या माणसानं फी भरून तुला शिकवलं, त्याला महिना झाला तरी उत्तर मिळालेलं नाही. तू रात्री बाराला भट्टीच्या धगीतून घरी येतोस आणि एक दमलेला माणूस भिंतीला टेकलेला बघितला की तुला बरं वाटतं, हे दादाला माहीत आहे काय? बहुतेक नाही. त्याला ते कंसाबाहेर सांग.

आणि वाद घालायचाच असेल तर चांगला घाला. तुझ्या दादाच्या दोन आवडी एकमेकींशी भांडतात, हे तुमच्या दोघांच्या ध्यानात आलंय काय? शक्तिमानात भागाच्या शेवटी पोरांना छोट्या छोट्या गोष्टी शिकवतात, चुकलं की कबूल करायचं, 'सॉरी शक्तिमान' म्हणायचं. आणि 'दृश्यम'मधला बाप काय करतो? बायकोला, दोन लेकींना समोर बसवून एकच खोटं न अडखळता बोलायला शिकवतो, आणि आपण त्याला मनातल्या मनात शाबासकी देतो. दादाला विचार, उद्या तुझ्या पोरानं गल्लीत कुणाच्या खिडकीची काच फोडली, तर त्याला सॉरी म्हणायला पाठवणार, की "त्या दिवशी आम्ही सगळे पणजीत होतो" म्हणून सांगणार? माझ्या घरात हा प्रश्न मी टाकला तर रात्री साडेअकरापर्यंत आवाज चढले होते. नवऱ्याचं म्हणणं, काच असेल तर सॉरी, त्याहून मोठं काही असेल तर पणजी. माझा धाकटा म्हणाला, मोठं असेल तरच सॉरीला किंमत. मी दोन्हीकडं मान हलवत भांडी आवरली. विचारताना एक सांभाळ, त्याला पेचात पकडायला विचारू नकोस. तुला उत्तर माहीत नसेल तरच विचार.

राहिलं तुझं 'भारी'. नको म्हणूस. कोल्हापुरात त्या शब्दाची आधीच चिल्लर झालीय. मिसळ भारी, पाऊस भारी, आणि परवा तर एकाच्या मयताला आलेली गर्दी भारी होती असं ऐकलं. त्यात तुझ्या खोट्या भारीची भर कशाला? खोटं बोललास की दादाला लगेच कळेल, मोठ्या भावांना कळतंच. "मला नाही जमलं, तुला त्यात काय दिसतं ते सांग" असं म्हणता येतं. काहीच न बोलता जेवून हात धुताही येतं. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायला बसल्यासारखं प्रत्येक पासला ओरडायलाच पाहिजे असं घरात नसतं.

आता शेवटचं. तुझ्या पत्रात तू, दादा, वहिनी, सासूबाई, दोन मालिका, एक सिनेमा, सगळ्यांचं मत आलं. ज्याच्यासाठी टीव्ही लावला होता त्याला मात्र कुणी काही विचारलेलं दिसत नाही. तो दोन महिने झाले गिरक्या घेतोय. दादानं टीव्ही बंद केला तेव्हा भाग अर्धाच झाला होता ना? पुढं काय झालं हे त्या पोराला अजून माहीत नसणार. या रविवारी जेवणं उरकली की उरलेला अर्धा भाग तू स्वतः लावून दे आणि दादाला हाक मार. सासूबाई असतील तर त्यांनाही. गल्लीतल्या गाड्या तेवढ्या पलीकडं लावून ठेव.

आणि माझं एक काम कर. शक्तिमान गिरकी घ्यायचा ती उजवीकडून की डावीकडून, यावर आमच्यात परवापासून वाद चाललाय. सहा भाग बघूनही माझ्या ध्यानात राहिलं नाही. दादाला विचार आणि मला कळव.

तुझी,
ताई